अहमदाबादचा तीन दरवाजा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून अहमदाबादला येणाऱ्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) आणि शेवटच्या दिवशी खरेदीसाठी लाल दरवाजा. त्या खरेदीत तीन दरवाजा वाटेतच लागतो. पिशव्या सांभाळत मंडळी त्याच्या कमानीखालून जातात आणि घरी आल्यावर विचारलं तर 'हो, जाताना दिसला' एवढंच सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं. याच दरवाज्यावर एका मराठा सुभेदाराने 1812 साली देवनागरीत कोरवून घेतलेला हुकूम आहे, आणि तो मुलींच्या वाट्याविषयी आहे. एवढ्या लांब येऊन तो न पाहता परत जाऊ नये. म्हणून कुठून सुरुवात करायची, कोणत्या वेळी जायचं, काय पाहायचं आणि काय विकत घ्यायचं, ते सविस्तर सांगतो.

आधी नावं नीट समजून घ्या

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. 'लाल दरवाजा' म्हणजे आज एक सबंध भाग आहे. तिथे शहर बसचं (एएमटीएसचं) मोठं स्थानक आहे, बाजार आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'लाल दरवाजा' म्हटलंत तर तो बहुधा या बस स्थानकाशी सोडेल. तिथून जवळ भद्रचा किल्ला आहे आणि त्याला स्वतःचा मोठा दरवाजा आहे. तीन दरवाजा त्याहून वेगळा. भद्रकडे पाठ करून पूर्वेला सरळ चालत गेलं की रस्त्यात आडवी उभी असलेली तीन कमानींची दगडी वास्तू, ती ही. नाव ऐकून लोक तीन वेगवेगळे दरवाजे शोधतात, पण वास्तू एकच आहे.

दिल्ली दरवाजा, रायपूर दरवाजा, दरियापूर दरवाजा, अस्टोडिया दरवाजा हे शहराच्या तटबंदीतले दरवाजे. तीन दरवाजा तटात नाही, शहराच्या पोटात आहे. अहमदशाहाने 1411 साली हे शहर वसवायला घेतलं, साबरमतीच्या काठी भद्रचा किल्ला बांधला आणि किल्ल्यासमोर मोठं शाही मैदान राखलं. त्या मैदानात शिरण्याचा हा दरवाजा. बादशाही मिरवणुका किल्ल्यातून निघायच्या, मैदान ओलांडून या कमानींखालून जामा मशिदीकडे जायच्या. म्हणजे भद्र, तीन दरवाजा, जामा मशीद आणि त्यापुढे माणेक चौक हे सगळं एकाच सरळ वाटेवर आहे. ही वाट डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं, कारण तुम्हालाही त्याच क्रमाने चालायचं आहे.

कधी जायचं

माझं स्पष्ट मत: दोनदा जा. एकदा सकाळी आठच्या आत, दगड पाहायला. एकदा संध्याकाळी, बाजार पाहायला. दोन्ही एका फेरीत उरकायला गेलात तर बाजारच जिंकतो. दुकानं साधारण दहा-अकरापासून उघडायला लागतात. एकदा पथारीवाले बसले, कपड्यांच्या माळा टांगल्या गेल्या, की कमानींचा खालचा भाग जवळजवळ झाकला जातो आणि थांबायला जागा राहत नाही.

एकच फेरी शक्य असेल तर सकाळची निवडा आणि दुकानं उघडेपर्यंत जामा मशीद उरका.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये दुपारी इथे हिंडणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर अजिबात नको. दिवाळीआधीच्या आठ-दहा दिवसांत इथे अक्षरशः पाऊल ठेवायला जागा नसते, आणि दिवाळी झाल्यावर उलटी गत. गुजराती नववर्षाच्या दिवशी बंद झालेली बरीच दुकानं थेट लाभपंचमीला (कार्तिक शुद्ध पंचमीला) मुहूर्त करून उघडतात. भाऊबीज आटोपून गुजरातला फिरायला निघणारी मराठी कुटुंबं नेमकी याच दिवसांत येतात आणि बंद शटर बघून परततात. दरवाजा पाहायचा असेल तर हे दिवस झकास, मोकळा मिळतो. खरेदी करायची असेल तर तारीख पुढे ढकला.

कसं पोचायचं

रेल्वेने येत असाल तर तिकिटावर कोणतं स्टेशन लिहिलंय ते आधी बघा. अहमदाबाद जंक्शन, ज्याला इथे सगळे कालुपूर म्हणतात, ते जुन्या शहराला लागूनच आहे. पण काही गाड्या साबरमतीला किंवा मणिनगरला सोडतात. कालुपूरहून मेट्रो घेतली तर पुढचंच स्टेशन घीकांटा, आणि घीकांट्याहून तीन दरवाजा चालत दहा-पंधरा मिनिटं. 2022 पासून ही मेट्रो सुरू झाल्यामुळे जुन्या शहरात येणं फार सोपं झालं आहे. जुन्या शहरातला तिचा मार्ग जमिनीखालून आहे, त्यामुळे वरच्या कोंडीशी तुमचा संबंध येत नाही.

स्वतःची गाडी मात्र आणू नका. नदीच्या पलीकडे, पश्चिम अहमदाबादेत उतरला असाल तर गाडी हॉटेलवरच ठेवा. गांधी रोड आणि रिलीफ रोडवर गाडी चालवण्यात अर्धा दिवस जातो आणि उरलेला अर्धा ती लावायला जागा शोधण्यात. रिक्षा मीटरने जाते का ते बसण्याआधी विचारा. ठरावीक मार्गावर माणसं भरून धावणाऱ्या रिक्षांना इथे 'शटल' म्हणतात. त्या स्वस्त पडतात, पण सामान असेल तर नको.

चालायला सुरुवात भद्रपासून करा

घीकांट्याहून आलात तरी आधी पश्चिमेला भद्रपर्यंत जा आणि मग मागे वळा. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ भद्रकाळीचं मंदिर आहे. आझमखानाच्या सराईच्या एका दालनात हे देवस्थान मराठ्यांच्या काळात झालं. हा आझमखान मोगल सुभेदार. त्याला बांधकामाचा इतका नाद होता की लोक त्याला 'उधई' म्हणायचे, म्हणजे वाळवी. त्याची सराई 1637 ची. सकाळी देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ असते, बाहेर फुलं आणि चुनरी विकणारे बसलेले असतात. दर्शन घ्या आणि किल्ल्याकडे पाठ करून उभे राहा. समोर, पूर्वेला, तीन कमानी दिसतात. सकाळी ऊन त्यांच्या पाठीमागून येतं, त्यामुळे फोटो या बाजूने काळपट येतात. फोटोसाठी कमानीतून पलीकडे जा आणि मागे वळून काढा. संध्याकाळी बरोबर उलटं.

या भद्रमध्येच पेशव्यांचा अंमलदार राहत असे. रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी 1753 साली अहमदाबाद घेतलं. मधे एकदा ते खंबायतचा नवाब मोमीनखान याने परत बळकावलं आणि मराठ्यांनी पुन्हा मिळवलं. तिथून 1817-18 पर्यंत, मधली 1780 नंतरची इंग्रजांची थोडी वर्षं सोडली तर, शहराचा वसूल पेशवे आणि गायकवाड वाटून घेत. गायकवाडांची हवेली इथून जवळच रायखडमध्ये आहे. तिथे आता पोलिसांचं गुन्हे शाखेचं कार्यालय आहे, त्यामुळे आत शिरण्याचा किंवा फोटो काढण्याचा आग्रह धरू नका. पेशव्यांच्या वाट्याचा वसूल इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, गायकवाडांकडे होता. त्या इजाऱ्याची मुदत वाढवून घेण्याच्या बोलणीसाठी गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले आणि 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर त्याचा आरोप आला, आणि पेशवाईच्या शेवटाकडे जाणारी एक वाट तिथून सुरू झाली. आपण शाळेत हे सगळं पुण्याच्या बाजूने वाचलेलं असतं. भद्रच्या दारात उभं राहिलं की ज्या शहराच्या वसुलासाठी एवढं झालं ते शहर समोर असतं. माझ्यासारख्या इथे राहणाऱ्या मराठी माणसाला ही जागा परकी वाटत नाही, त्याचं हे एक कारण. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर शिक्षणाच्या आणि पुढे वकिलीच्या निमित्ताने याच शहराचे झाले, हे दुसरं.

दरवाज्याशी काय पाहायचं

तिकीट नाही, फाटक नाही, वेळ नाही. वाहता रस्ता आहे, तेव्हा आधी बाजूला उभं राहायला जागा शोधा. दुचाक्या गर्दीतूनही वाट काढत येतात. कमानीखाली मधोमध थांबून वर बघू नका.

तिन्ही कमानींची उंची सारखी, सुमारे 25 फूट. रुंदी मात्र वेगळी: मधली 17 फूट, बाजूच्या 13-13 फूट. आधी लांबून हा फरक बघा. मग कमानींच्या मधल्या जाड खांबांजवळ जा. त्यांच्या दर्शनी अंगावर पुढे आलेल्या अर्धगोल बुरुजांसारखं काम आहे, आणि त्यावर एकावर एक पट्ट्यांत नक्षी चढत गेलेली आहे. इथली कलाकुसर डोळ्यांत साठवा. थोड्या वेळाने जामा मशिदीच्या दर्शनी भागावर हेच हात तुम्हाला पुन्हा भेटतील. तिथे मिनारांच्या पायथ्यांवर अशीच नक्षी आहे. देवळं घडवणाऱ्या गुजराती कारागिरांची परंपरा सुलतानांच्या इमारतींमध्ये कशी उतरली, ते पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

आता तो हुकूम. 10 ऑक्टोबर 1812 ही त्याची तारीख. मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने तो काढला आणि दरवाज्याच्या दगडात कोरून लावला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडावा म्हणून. आशय असा: मुलीला बापाच्या मिळकतीतला तिचा वाटा बिनतक्रार द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडेल, तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल आणि मुसलमान असेल तर अल्लाला, रसुलाला.

हे नीट लक्षात घ्या. हिंदू वारसा कायदा आला 1956 साली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती 2005 ची. हा दगड त्याच्या कितीतरी आधीचा. त्या हुकुमाची अंमलबजावणी किती घरांत झाली असेल हा प्रश्न रास्तच आहे. पण भर बाजारात, शहराच्या सगळ्यात गजबजलेल्या दारावर, दोन्ही धर्मांच्या लोकांना त्यांच्या त्यांच्या देवाची शपथ घालून हे लिहावंसं त्या सुभेदाराला वाटलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मुलगी बरोबर असेल तर तिला हा दगड जरूर दाखवा आणि काय लिहिलंय ते तिथेच सांगा.

तो शोधायला थोडी चिकाटी लागते. अक्षरं झिजलेली, त्यात धूळ आणि रंग, आणि बाजार भरला की समोर माल. म्हणूनच सकाळी जा म्हणतो. कमानींच्या भिंती एका टोकाकडून बघत या. सापडला नाही तर आसपासच्या जुन्या दुकानदाराला 'मराठानो शिलालेख' विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवा. दरवाज्याच्या एका कोनाड्यात लक्ष्मीसाठी दिवा तेवत असतो. दंतकथा अशी, की एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली. ख्वाजा सिद्दीक कोतवालाने तिला ओळखलं आणि विनवलं, 'बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब.' तिने शब्द दिला. कोतवाल बादशहाकडे गेला आणि त्याने स्वतःचं शिर उतरवलं, म्हणजे तो कधी परत येणार नाही आणि लक्ष्मीही कधी जाणार नाही. भद्रच्या दरवाज्याजवळ त्याची कबर दाखवतात. लक्ष्मीचा हा दिवा पिढ्यानपिढ्या एक मुसलमान कुटुंब लावत आलं आहे. बाजारातले व्यापारी जाता-येता त्या कोनाड्याला हात जोडतात. फोटो काढायचा तर काढा, पण तिथे कोणी तेल घालत असेल, हात जोडून उभं असेल, तर थोडं थांबा.

आता खरेदी

कमानींच्या अलीकडे-पलीकडे चपला, पर्स, बांगड्या, मुलांचे कपडे, बेडशीट, घरगुती भांडी असं सगळं पथारीवाल्यांकडे मिळतं. इथे घासाघीस चालते आणि अपेक्षितही असते. आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्या. 'दोढसो' म्हणजे दीडशे, 'अढीसो' म्हणजे अडीचशे, एवढं कळलं तरी काम भागतं. 'छेल्लो भाव?' विचारलं की विक्रेता शेवटचा आकडा सांगतो. पटत नसेल तर हसून पुढे जा. विक्रेत्याला 'भाई', 'काका', बाई असेल तर 'बेन' म्हणा. पाव किमतीपासून सुरुवात करून माणसाला खिजवू नका. दिवसभर उन्हात बसून पोट भरणारी माणसं आहेत.

चांगलं कापड हवं असेल तर तीन दरवाज्याजवळच्या ढालगरवाडमध्ये शिरा. अरुंद गल्ली, दोन्हीकडे कापडाची दुकानं. इथे बांधणी घ्यायची असेल तर एक पारख शिकून घ्या. खऱ्या बांधणीत प्रत्येक ठिपका दोऱ्याने बांधून रंगवलेला असतो, त्यामुळे कापड जमिनीवर सपाट बसत नाही, बारीक सुरकुत्या आणि उंचवटे राहतात. काही कापडं तर गाठी न सोडताच विकायला ठेवतात. तुम्ही पसंत केलीत की दुकानदार आणि त्याचा मदतनीस दोन टोकं धरून आडवं ओढतात, आणि दोरे तटातट तुटत सगळी नक्षी एका दमात उघडते. ते बघण्यासाठी तरी एक ओढणी घ्या. ठिपके एकसारखे गोल, मापात, आणि कापड इस्त्रीसारखं सपाट असेल तर ती छपाई आहे. छपाई घेण्यात काही वाईट नाही, फक्त भाव छपाईचा द्या.

पटोळ्याचंही तसंच. पाटणचा अस्सल पटोळा लाखाच्या घरात जातो आणि तो असा ढिगात मिळत नाही. इथे काही हजारांत मिळतो तो बहुधा राजकोटचा एकेरी विणीचा (एकाच दिशेचे धागे रंगवून विणलेला) किंवा नुसता छापील. चणियाचोळी हवी असेल तर माणेक चौकाजवळच्या राणीच्या हजिऱ्याला जा. अहमदशाही राण्यांच्या कबरींभोवती हा बाजार भरतो. नवरात्राच्या आधी गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात.

पैशांचं म्हणाल तर दुकानांत यूपीआय चालतं, पथारीवाल्यांसाठी सुट्या नोटा ठेवा. बॅग पुढे घ्या, मोबाइल मागच्या खिशात नको.

पुढे जामा मशीद आणि माणेक चौक

तीन दरवाज्यातून सरळ पूर्वेला गेलं की पाचेक मिनिटांत उजव्या हाताला जामा मशीद. 1424 ची, आत 260 खांब. दर्शनी मिनार 1819 च्या भूकंपात पडले, त्यांचे नक्षीदार पायथे शिल्लक आहेत. चपला बाहेर, कपडे अंगभर. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळा. मशिदीच्या पूर्वेला बादशहाचा हजिरा, म्हणजे अहमदशाहाची कबर. स्त्रियांना कबरीच्या दालनात जाता येत नाही.

माणेक चौक दिवसा सोन्याचांदीच्या दुकानांचा, रात्री दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्यांचा. साडेनऊ-दहानंतर या. घूघरा सँडविच, भाजीपाव, लोण्यात न्हालेला डोसा, कुल्फी. चार जणांत दोन पदार्थ मागवत चला, प्रमाण मोठं असतं. मांसाहार करणाऱ्यांसाठी तीन दरवाज्याजवळची भठियार गल्ली आहे, आणि रमजानच्या रात्री तिची शान वेगळीच असते. चहाला थांबायचं तर लाल दरवाज्याजवळचं लकी: टेबलांच्या मधे जुन्या कबरी आहेत, भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र. मस्काबन मागवा.

त्याच्या जवळच सिदी सय्यदची मशीद आहे, 1572-73 ची. पश्चिमेच्या भिंतीतली, झाडाची नक्षी कोरलेली दगडी जाळी आतून पाहा, दुपारनंतर, ऊन पलीकडून येत असताना.

जुन्या शहरातल्या 'पोळ', म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या दाट वस्त्या, बघायच्या असतील तर महापालिकेचा हेरिटेज वॉक घ्या. 1997 पासून सुरू आहे. सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. तिथून उलट्या दिशेने पाच मिनिटं चालून तीन दरवाजा गाठता येतो. वेळ आणि नोंदणी आदल्या दिवशीच बघून ठेवा.

रात्री माणेक चौकातून परतताना मेट्रो दहाच्या सुमारास बंद होते हे ध्यानात असू द्या. ॲपवरची रिक्षा गल्लीत बोलावू नका, चालक आत येत नाही आणि शेवटी रद्द करतो. चालत गांधी रोडच्या किंवा रिलीफ रोडच्या कडेला या आणि तिथल्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या पाटीखाली उभं राहून मग बोलवा.